मालूचा नारळ

कोपरीच्या कोळीवाड्यात दामाजीच्या घराला वीराचा मान होता, आणि त्या घरात नांदायला येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या वाट्याला मालूचा नारळ होता. मान बाप्यांना, नारळ बायकांना. ही वाटणी कुणी केली ते कुणाला आठवत नव्हतं, पण करणारी बाई नव्हती हे सांगायला ज्योतिषी नको.

गोष्ट अशी सांगत. खाडीवर आगगाडीचा पहिला पूल उभा राहत होता त्या काळात दामाजीच्या खापरपणजोबाचं, धाकूचं, गोऱ्या साहेबाशी वाजलं. पुलाच्या खांबांनी कोळ्यांच्या जाळी लावायच्या जागा खाल्ल्या होत्या. धाकूने साहेबाने रोवलेल्या खुणेच्या काठ्या उपटून खाडीत भिरकावल्या, शिपाई मागे लागले, धाकूने पाण्यात उडी टाकली ती टाकलीच. प्रेत मिळालं नाही. ज्याचं प्रेत मिळत नाही तो पाण्याचा झाला असं धरतात, म्हणून धाकू वीर झाला. देव्हाऱ्यात त्याचा चांदीचा टाक बसला. दर शिमग्याला घरातला बाप्या तो टाक नारळाला बांधून डोक्यावर घेई आणि मीठबंदरापर्यंत वाजतगाजत नाचत नेई. सगळा कोळीवाडा बाजूला होऊन वाट देई.

धाकूच्या मागे राहिली त्याची बायको मालू, पोटुशी. ती साहेबाच्या तंबूवर मासळी घालायला जायची. तिला पोरगा झाला, तो घाऱ्या डोळ्यांचा. झालं! कोळीवाड्याने डोळ्यांचा रंग बघून निकाल देऊन टाकला. पंच बसले. पोराला गोऱ्याचं म्हणावं तर वीराचं घर बुडतं, मान बुडतो. धाकूचं म्हणावं तर मालू सुटते. पंचांनी दोन्ही डगरींवर हात ठेवले. पोर धाकूचं धरायचं आणि पाप मालूचं धरायचं. मालू मेली तरी पाप काही फिटलं नाही, ते सुनांकडे आलं. त्या घरच्या नव्या सुनेने पहिल्या शिमग्याला अनवाणी, तोंडावर पदर ओढून वीराच्या मागे चालायचं, बंदराच्या चिखलात उतरायचं आणि गावासमोर मोठ्याने म्हणायचं, "मालूचं पाप माज्या पदरात." मग नारळ फोडायचा. त्याचं खोबरं कुणी तोंडात घालत नसे, ते खाडीत टाकत.

तुळसा त्या घरात आली रेल्वेच्या मोठ्या संपाच्या वर्षी. पुढच्या शिमग्याला तीही चिखलात उतरली आणि ते वाक्य म्हणाली. तिचा नवरा चंदू तेव्हा वीरापुढे नाचत होता, तिच्याकडे पाठ करून. घरी येऊन पाय धुता धुता तिने सासूला विचारलं, "आई, पोर धाकूचं, तर मालूचं पाप कसलं? आनि पोर धाकूचं नाय, तर तुमी वीराचे कोन?"

सासू जनी मासळी साफ करत होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. "सुनंनी इचारायचं नसतं बाय," ती म्हणाली. "मी नाय इचारलं."

घशात काटा अडकावा तसा तो प्रश्न तुळसाला अडकला. पुढे चौऱ्याऐंशी साली धाकटी जाऊ केशर आली. जनी तेव्हा अंथरुणाला खिळलेली, म्हणून केशरला ते वाक्य पढवायचं काम तुळसावर आलं. तिने पढवलं. केशर हुंदके देत देत ते म्हणाली आणि वर्षाच्या आत नवऱ्याला घेऊन कल्याणला वेगळी राहायला गेली. सणावारालाही परत आली नाही. लोक तिला भांडकुदळ म्हणत. तुळसाला तिचा हेवा वाटे.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात एक पाहुणा रिक्षातून दारात उतरला. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात कातडी बॅग. तुळसा बाजारातून नुकतीच आली होती, टोपली खाली ठेवत होती. तिने पहिल्यांदा पाहिले ते त्याचे डोळे. घारे! सासरा दामाजीचे तसेच, चंदूचे तसेच, तिच्या पोराचे, हिरामणचेही तसेच.

"नमस्कार," पाहुणा पुस्तकातलं वाचल्यासारखं बोलला. "माझे नाव सीताराम धाकू. मी मॉरिशसहून आलो आहे. मी निवृत्त शिक्षक आहे."

धाकू हे त्याचं आडनाव होतं. बसून पाणी प्यायल्यावर त्याने सगळं समजावून सांगितलं. उसाच्या मळ्यांसाठी गोरे लोक मुंबईहून जहाजं भरभरून मजूर तिकडे नेत. उतरवून घेताना ज्याचं जे नाव लिहिलं तेच पुढे त्याच्या लेकरांचं आडनाव झालं. सीताराम मास्तर नोकरी सुटल्यापासून तिकडच्या सरकारी दप्तरात आपलं मूळ शोधत होते, आणि एवढं त्यांना मिळालं होतं. धाकू, राहणार ठाणे, जात कोळी, डाव्या भुवईवर जुना व्रण, अविवाहित. पाच वर्षांचा करार. करार संपल्यावर धाकू तिकडेच राहिला, लग्न केलं, तीन मुलगे झाले, म्हातारा होऊन अंथरुणात मेला.

शिमग्याच्या गाण्यात वीराच्या डाव्या भुवईवरचा व्रण होता. शिंगाळा माशाच्या काट्याने झालेला. लहान पोरांनाही ते गाणं पाठ होतं.

"म्हंजे," दामाजी शेवटी म्हणाला, "आमचा वीर तिकडं ऊस तोडत व्हता?"

तुळसाला हसू आवरेना. तिने तोंडाला पदर लावला. दामाजीने ते बरोबर पाहिलं, आणि त्याचं डोकं तिथेच फिरलं. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, त्याच्या आयुष्यात त्या टाकाखेरीज दुसरी मिरवण्यासारखी गोष्ट नव्हती. खाडीत कारखान्यांचं पाणी आल्यापासून मासा नव्हता, होडी विकून झाली होती, पोरगा कंपनीत कामाला होता. उरला होता तो वीर. तोही आता पळपुटा निघत होता. पण म्हातारा वस्ताद. त्याने कागदातलं त्याला पाहिजे तेवढं उचललं.

"अविवाहित ल्हिवलंय ना? मंग बगा! बायको टाकून गेला त्यो. कनाला टाकली? तिचं पाप त्याला म्हाईत व्हतं म्हनून."

"वा!" तुळसा म्हणाली. "पलाला त्यो, आनि पाप तिचं."

"तू गप र्‍हा," चंदू म्हणाला.

पण गोष्ट अंगणात थोडीच राहते. दोन दिवसांत ती अख्ख्या कोळीवाड्यात झाली. ज्या घरांना वीराचा मान वर्षानुवर्षं डाचत होता त्यांना तर सण मिळाला. वीर पळाला, मागे राहिलं ते गोऱ्याचं, मग हे नाचतात कुणाच्या नावाने, असं लोक बंदरावर उघड बोलू लागले. दामाजी सकाळचा तिकडे जायचा बंद झाला.

सीताराम मास्तर स्टेशनाजवळच्या लॉजवर उतरले होते. रोज येत, अंगणात बसत, माणसं बघत. त्यांनाही एकच जाणून घ्यायचं होतं, की ही आपली रक्ताची माणसं की नाहीत. त्यांची मुलगी इंग्लंडात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होती. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे एक खूण जशीच्या तशी उतरते, ती हल्ली तपासता येते, असं त्यांनी सांगितलं. डीएनए म्हणतात. दामाजीची नि त्यांची खूण जुळली तर मूळ पुरुष एक.

दामाजीने आधी साफ नाही म्हटलं. थुंकी देऊन का कुळ ठरतं! पण तुळसाच्या डोक्यात चक्रं फिरू लागली होती. बाजारात बसून बसून तिला भाव कसा बांधायचा ते चांगलं कळत होतं. तिने मनाशी हिशेब केला. खूण जुळली नाही, तर हे घर धाकूचं नाही. मग वीर नाही, मिरवणूक नाही, आणि मिरवणुकीच्या मागचा नारळही नाही. खूण जुळली, तर पोर धाकूचंच होतं. मग मालूचं पाप नाही, आणि नारळ नाही. कसंही फिरवा, नारळ जातोच. हिरामणच्या लग्नाचं बघत होते. निदान त्याच्या बायकोला तरी चिखलात उतरावं लागणार नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुळसाला गोड झोप लागली.

मग तिने सासऱ्याला जेवताना बरोबर गाठलं. "बाबा, लोक म्हनतान, दामाजी घाबरला. रगत बाटलेलं निघंल म्हनून त्वांड उगडत नाय."

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. "कोन म्हनतो?"

"सगली म्हनतान. मी कुनाकुनाची त्वांडं धरू?"

दुसऱ्याच दिवशी दामाजी अंगणात खुर्ची टाकून बसला. तंबाखू थुंकून तीनदा खळखळून चूळ भरली आणि आ वासला. सीताराम मास्तरांनी कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली, नळीत ठेवली. मग चंदूची घेतली. बघायला अर्धी आळी जमली होती. तुळसा पुढे झाली.

"माजं नको काय?"

"नाही, बाई," मास्तर हसून म्हणाले. "ही खूण पुरुषांतच असते. शिवाय तुम्ही तर बाहेरच्या घरातून आलेल्या. धाकूच्या किंवा मालूच्या रक्ताशी सुनांचा काहीच संबंध नाही."

"हे जरा मोठ्यानं बोला मास्तर," तुळसा म्हणाली. "मालूचं रगत कोनात हाय मंग?"

"यांच्यात," मास्तरांनी दामाजीकडे आणि चंदूकडे बोट दाखवलं.

तुळसाने सगळ्या आळीकडे वळून पाहिलं. मालूचं रक्त ज्यांच्या अंगात ते पुढे नाचणार, आणि जिचा काडीचा संबंध नाही ती परक्याची पोर मागून पाप वाहत येणार. एवढी सरळ गोष्ट! पण लोकांचं लक्ष काडीकडे होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

मास्तर नळ्या घेऊन गेले. इकडे हिरामणसाठी डोंबिवलीच्या खाडीकाठची मुलगी सांगून आली. नीला तिचं नाव. मानपाड्याला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जायची, स्वतःच्या पगारावर स्कूटी घेतलेली, बोलायला चुणचुणीत. तुळसाला ती बघताक्षणी आवडली. नीलाचा बाप बाळाराम साधा माणूस, पण कोपरीच्या नारळाचं त्याच्या कानावर आलं होतं.

"पोरगी देतो, विहीनबाय," तो म्हणाला. "पन ते चिखलातलं नको. माजी पोर कमावती हाय. तिनं चार लोकांत कुनाचं पाप पदरात घ्यावं, ह्ये मना बगवनार नाय."

चंदू खाली बघत राहिला. तुळसा म्हणाली, "व्याही, माजी जबान. नीला चिखलात उतरनार नाय."

परत येताना चंदू चिडला. "तू कोन जबान देनारी?"

"निकाल येऊ दे," तुळसा म्हणाली. "मंग बोल."

वैशाखात लग्न झालं. तुळसा नव्या सुनेला जिवापाड जपत होती. कामावरून आली की तिच्या पुढ्यात गरम भाकर टाकी, आणि मनातल्या मनात शिमगा मोजी. निकाल वर्षभर आला नाही. प्रयोगशाळेतलं काम सावकाशीचं, असं मास्तर फोनवर कळवत. नव्याण्णवच्या फेब्रुवारीत, शिमग्याच्या तोंडावर, ते स्वतःच आले. पेढे घेऊन आले, तेव्हाच तुळसाने ओळखलं.

अंगणात सगळे जमले. मास्तरांनी इंग्रजी कागद काढला आणि मराठीत सांगितलं. जुळलं होतं. दामाजी, चंदू आणि सीताराम मास्तर एकाच मूळ पुरुषाचे. गोऱ्याचा काही संबंध नाही. घारे डोळेही धाकूचेच असणार, कारण मॉरिशसला त्याच्या नातवंडापतवंडांत ते आहेत.

दामाजी उभा राहिला. पाहुण्याला त्याने कडकडून मिठी मारली आणि म्हातारा रडला. ढोल आणायला कुणीतरी धावलं. आणि मागून तुळसाचा आवाज आला, तिचा तिलाच ओळखू येऊ नये असा चिरका.

"मालू सुटली! ऐकलाव काय सगल्यांनी? मालू सुटली! पोर धाकूचंच व्हतं. तिनं कायसुदा केलं नव्हतं. ह्यो पलाला, तिकडं जाऊन बायको नाय म्हनून सांगितलं, दुसरी केली. आनि इकडं ती बिचारी मेली तरी तिच्या नावानं थू थू. आता बास. नारल बंद!"

ती रडत होती. पण कशाचं रडू ते तिला पुरतं कळत होतं. ज्या बाईला तिने कधी पाहिलं नव्हतं तिच्यासाठी, आणि तेवढंच स्वतःसाठी, केशरसाठी, जनीसाठीसुद्धा.

बाप्ये एकमेकांकडे बघू लागले. एक-दोघांनी माना हलवल्या. क्षणभर वाटलं, झालं. मग दामाजीने डोळे पुसले आणि खुर्चीत बसला. आता तो पुन्हा वीराच्या घरचा म्हातारा झाला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "येक इचारू? समजा, धाकूला भाव असता. मंग त्याची नि धाकूची खून येकच काय?"

"होय," मास्तर म्हणाले. ते प्रामाणिक माणूस, तोच घात झाला. "एका बापाचे मुलगे, खूण एकच. चाचणी मूळ पुरुष एक आहे इतकेच सांगते. धाकू की त्याचा भाऊ, हे ती सांगू शकत नाही. मी लपवणार नाही."

"व्हता ना भाव," दामाजी म्हणाला. "येक व्हता म्हनतान."

त्या संध्याकाळपर्यंत धाकूला भाऊ नव्हता. वीराच्या गाण्यात नव्हता, घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी नव्हता, दीडशे वर्षांत त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं. तो त्या संध्याकाळी दामाजीच्या अंगणात जन्माला आला आणि जन्मल्या जन्मल्या त्याने भावजय बाटवली.

"कोन भाव?" तुळसा ओरडली. "नाव काय त्याचं?"

"जुनी गोष्ट. नाव कोन ध्यानात ठेवतो? म्हंजे बगा, घर वीराच्याच रगताचं, ह्ये सिद्द जालं. मालूचं मात्र सिद्द जालं नाय. पन," आणि इथे म्हाताऱ्याने हात वर केला, देव वर देताना करतो तसा, "आपन मोट्या मनानं घेऊ. सुनबाय येवढी बोलते तर पाप म्हनायचं नाय. मालूला माफ केलं. नारल मातर र्‍हाईल. वीराला इतक्या वरसांची सवय, त्यो कोपंल. आजपासून नारल पापाचा नाय, आभाराचा. धाकूचा वंश साता समुद्रापारून धावून आला आनि मालूची अब्रू राखली. तर सुनेनं चिखलात हुबं र्‍हाऊन म्हनायचं, वीरा, मालूची अब्रू राखलीस, तुजे उपकार माज्या पदरात."

वा, वा, झालं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोराचे आभार मानायची रीत कोपरीत निघाली. बायको टाकून पळाला त्याने तिची अब्रू राखली! बाप्यांना ते लगेच पटलं. मान राहिला, रीत राहिली, आणि मोठं मन दाखवल्याचं पुण्यही पदरात पडलं. न केलेल्या पापाची माफी देण्याइतकं सोपं पुण्य दुसरं नाही.

तुळसाने सीताराम मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, तुमी शिकले-सवरलेले. तुमी सांगा यांना."

मास्तर अवघडले. "मी पाहुणा, बाई. रीतीभातींत मी कसे बोलावे? आमच्याकडे भाषा गेली, गाणी गेली. तुम्ही एवढे जपले आहे, हे पाहून मला भरून येते. आणि पाप हा शब्द गेला, हेही काही कमी नाही."

"शब्द गेला," तुळसा म्हणाली. "चिखल र्‍हायला."

ढोल आला होता, त्यामुळे ते कुणाला नीट ऐकू गेलं नाही.

शेवटची आशा नीलावर होती. दुसऱ्या दिवशी तुळसाने तिला चुलीपाशी बसवलं. "तू नाय म्हन. तू नाय म्हनलीस की मी तुज्या मागं हुबी र्‍हाते. बगू कोन काय करतो ते."

"आई, अहो किती टेन्शन घेता तुम्ही," नीला हसली. "आधीचं होतं ते घाण होतं, मी नसतेच गेलेली. हिरामणला सांगितलेलं मी तसं. पण आता पाप-बिप काय नाय ना. थँक्यू बोलायचं आणि नारळ फोडायचा. पाच मिनिटांचं काम. त्यासाठी घरात भांडण कशाला? आणि आजोबा एवढे खूश आहेत."

तुळसाला तिला सांगायचं होतं की अगं, थँक्यू कुणाला, कशाचं, आणि चिखलातच उभं राहून का? पण सांगायला गेली तेव्हा शब्द एकमेकांत गुंतले. पाप होतं तेव्हा भांडायला सोपं होतं. पाप डोळ्यांना दिसत होतं, त्याच्या नावाने बोटं मोडता येत होती. आभाराशी कसं भांडायचं? पोरगी वाईट नव्हती, हुशार होती, म्हणून तर तिला पटलं होतं. बाळारामला डोंबिवलीला जाऊन हे सांगून यावं असं तुळसाच्या मनात रोज येई, आणि रोज ती काही ना काही काम काढून टाळे.

धुळवडीच्या दुपारी वीर निघाला. एवढी गर्दी कोपरीने कधी पाहिली नव्हती. परदेशी पाहुणा आलाय, विलायतेच्या यंत्राने वीराचं रक्त खरं ठरवलंय, म्हटल्यावर बाळकुमपासून लोक आले होते. चंदूच्या डोक्यावर टाक, शेजारी फेटा बांधलेले सीताराम मास्तर, त्यांच्या गळ्यात कॅमेरा. खुर्चीत बसून मिरवणारा दामाजी. वर्षापूर्वी बंदरावर दात काढणारेच आता पुढे होऊन वाट करून देत होते. सगळ्यांच्या मागून नवी हिरवी साडी नेसलेली नीला, अनवाणी, तोंडावर पदर.

ओहोटी होती. बंदराचा चिखल काळाभोर, कारखान्यांच्या पाण्याने उग्र वास मारणारा. नीला साडी वर उचलून उतरली, घोट्याच्या वर रुतली, तोल सावरून उभी राहिली. शाळेत कविता म्हणावी तसं खणखणीत म्हणाली, "वीरा, मालूची अब्रू राखलीस, तुजे उपकार माज्या पदरात." नारळ एका फटक्यात फुटला. सीताराम मास्तरांनी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच वाजवली. त्या जागी टाळ्या आजवर कधी वाजल्या नव्हत्या.

"विहीनबाय."

तुळसाने वळून पाहिलं. बाळाराम होता. पोरीचा पहिला शिमगा म्हणून साडी आणि साखरेच्या गाठी घेऊन आला होता, गाडी चुकून उशीर झालेला. घामाने निथळत होता. तो चिखलातल्या पोरीकडे बघत होता.

"तुमी जबान दिल्याली," तो हळूच म्हणाला.

तुळसाकडे उत्तर तयार होतं. कित्येक दिवस ती ते मनात घोळवत होती. मी हरले, व्याही. खरं निघालं तरी मी हरले. तुमची पोर तुम्ही घेऊन जा, नाहीतर माझ्या तोंडावर थुंका, पण मी लबाड नाही. एवढंच बोलायचं होतं. तिने तोंड उघडलं. आजूबाजूला आळीच्या बायका कान देऊन उभ्या होत्या, पलीकडून चंदू डोळे वटारून बघत होता, आणि ज्या घराच्या नावाने इतकी वर्षं तिचा जीव जळत होता त्या घराची अब्रू त्या क्षणी तिच्याच जिभेवर येऊन बसली.

"तसं नाय, व्याही," तुळसा म्हणाली. "आता त्यो पापाचा नारल नाय. आभाराचा हाय."

आवाज तिचाच होता. स्पष्ट, ठाम, बाजारात गिऱ्हाइकाला मासळी ताजी आहे म्हणून सांगावं तसा. आपण हे बोललो यावर तिचा विश्वास बसेना. ती बाळारामच्या तोंडाकडे बघत राहिली. आता तो भडकेल, चार लोकांत शिवी हासडेल, पोरीला हाताला धरून वर ओढेल. ओढू दे. तिला तेच पाहिजे होतं.

बाळारामच्या कपाळावरची आठी उलगडली. "असं व्हय?" तो म्हणाला. "आभाराचा? मंग काय! मना कोनी सांगितलंच नाय. मी उगाच जिवाला घोर लावून आलो." आणि तो मोकळेपणी हसला, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, गाठी सावरत पोरीकडे उतरून गेला.

नीला चिखलातून वर आली होती. बापाला बघून तिने पदर मागे टाकला आणि हसली. सीताराम मास्तरांनी दोघांना शेजारी उभं केलं, दामाजीची खुर्ची मध्ये घेतली, चंदूला टाकासकट बोलावलं. कॅमेऱ्यात बघून त्यांनी हात हलवला. "एक बाई राहिल्या. सर्वांत मोठे श्रेय तर त्यांचेच. त्यांच्यामुळे ही चाचणी झाली."

"या की, विहीनबाय," बाळारामने हाक मारली.

तुळसा गेली. दामाजीने तिच्यासाठी खुर्ची थोडी सरकवून घेतली. ती त्याच्या बाजूला उभी राहिली, आणि मास्तर हसा म्हणाले तेव्हा हसली.